वेशीपलीकडचं भाडं



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथं जमतो, त्यांची नोकरी कागल तालुक्यातल्या मराठी शाळेत आणि वडिलोपार्जित घर निपाणीत. एसटीने फार तर पाऊण तासाचा रस्ता. मध्ये एक राज्यसीमा. निवृत्त झाल्यावर त्यांनी कोल्हापुरात छोटं घर घ्यायचं ठरवलं आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन आमच्या कचेरीत आले. मी तेव्हा नोंदणी खात्यात नोकरीला होते. त्या पिशवीत निपाणीच्या जागेचे कानडीतले उतारे होते आणि नव्या घराची मराठी कागदपत्रं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवून त्यांनी मला विचारलं, "बाई, माती तीच, पाऊस तोच, तंबाखू तोच. मग इथली जागा आणि तिथली जागा यांचा हिशेब इतका वेगळा का?"

त्या दिवशी रांग मोठी होती. मी काहीतरी उडतं उत्तर दिलं. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, आणि गुरुजीही गेले. आज त्यांच्याच नावाच्या व्यासपीठावर ते उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

आपल्या राज्यघटनेच्या एकोणिसाव्या कलमाने प्रत्येक नागरिकाला देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क दिला आहे. कोल्हापूरच्या माणसाने बेंगळुरूला जावं, सावंतवाडीच्या पोराने म्हापशाला खोली घ्यावी, पालघरच्या कुटुंबाने वापीत संसार थाटावा, यासाठी कुणाचीही परवानगी लागत नाही. हा हक्क मोठा आहे आणि मला तो प्राणापलीकडे मोलाचा वाटतो. पण त्याच घटनेची सातवी अनुसूची उघडा. राज्यसूचीतली अठरावी नोंद जमिनीची आहे. जमिनीवरचे हक्क, घरमालक-भाडेकरूंचे संबंध, भाड्याची वसुली, सगळं तिच्यात. एकोणपन्नासावी नोंद जमिनी आणि इमारतींवरच्या करांची. त्रेसष्टावी मुद्रांक शुल्काच्या दरांची. पाणी सतराव्या नोंदीत. म्हणजे कुठंही राहण्याचा हक्क देशाने दिला, पण राहायला जे लागतं ते बहुतेक सगळं राज्याच्या हाती ठेवलं. म्हणून सीमा ओलांडली की नुसता भाड्याचा आकडा बदलत नाही, भाडं मोजायची रीतच बदलते. माणसं आकड्यांची तुलना करून निघतात आणि रीत बदलल्याचं त्यांना तिथं पोचल्यावर कळतं. त्यात त्यांची साठवलेली पुंजी अडकते.

हे मी कचेरीत शिकले नाही. माझ्या मुलीच्या संसारातून शिकले.

जून २०२२. मुलगी आणि जावई पुण्यात, कोथरूडला दोन बेडरूमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होते. भाडं ₹२२,०००, डिपॉझिट ₹६०,०००. जावयांना बेंगळुरूची नोकरी आली, पगार तीस टक्क्यांनी वाढणार होता. तिकडे व्हाइटफील्ड भागात तेवढाच फ्लॅट ₹३२,००० ला मिळत होता. दोघांनी हिशेब केला की भाडं दहा हजारांनी वाढेल, पगार त्याहून किती तरी जास्त वाढतोय, चला. मीही म्हटलं, जा.

घर पसंत पडलं, आणि मालकांनी दहा महिन्यांचं डिपॉझिट सांगितलं. दहा महिने म्हणजे ₹३,२०,०००. बेंगळुरूत ही जुनी चाल आहे. अलीकडे काही भागांत पाच-सहा महिन्यांवर सौदा होतो, पण तेव्हा त्यांच्या वाट्याला दहाच आले. पुण्यातले साठ हजार घर सोडल्यावर मिळणार होते, आणि इकडचे तीन लाख वीस हजार किल्ली हातात यायच्या आधी द्यायचे होते. म्हणजे मधले काही आठवडे दोन्ही घरांचं डिपॉझिट एकाच वेळी अडकलेलं. त्यात ट्रक, दलाली म्हणून एका महिन्याचं भाडं, पहिल्या महिन्याचं भाडं. मुलीने सोनं गहाण ठेवलं. हे तिने मला पुष्कळ उशिरा सांगितलं.

आता डिपॉझिटबद्दल लोक म्हणतात, ते तर परत मिळतं, त्यात खर्च कसला? माझं या बाबतीत ठाम मत आहे आणि त्याला आपल्याच कायद्याचा आधार आहे. महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सच्या करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ते नुसत्या भाड्यावर आकारत नाहीत. परत मिळणाऱ्या अनामतीवर वर्षाला दहा टक्के व्याज धरायचं, ते भाड्यात मिळवायचं आणि मग शुल्क काढायचं, असा नियम आहे. हजारो करारांत मी हे गणित तपासलं आहे. म्हणजे डिपॉझिटचं व्याज हे भाडंच असतं, हे आपल्या राज्याच्या कायद्याने केव्हाच मान्य केलेलं आहे. फक्त घर शोधणाऱ्या माणसाला ते कुणी सांगत नाही.

मुलीचं गणित मांडून पाहू. पुण्यापेक्षा ₹२,६०,००० जास्त अडकले. कायद्याचे दहा टक्के राहू द्या, बँकेच्या ठेवीचे सात धरा. वर्षाला ₹१८,२०० झाले, महिन्याला सुमारे दीड हजार. पुढे घर सोडताना रंगकामाचं म्हणून एका पूर्ण महिन्याचं भाडं कापून घ्यायची तिथली पद्धत. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार झाले, म्हणजे बावीस महिन्यांत बत्तीस हजार. महिन्याला पुन्हा साधारण दीड हजार. आणि मेंटेनन्स! आपल्याकडे सोसायटीचं मासिक शुल्क बहुधा मालक भरतो, भाडं ठरतं ते त्याच्यासकट. तिथं भाडं अधिक मेंटेनन्स अशी बोली असते आणि मेंटेनन्स भाडेकरूने भरायचा. तो होता साडेतीन हजार. तेव्हा बत्तीस हजारांचं घर खरं पडलं साडेअडतीस हजारांना. दहा हजारांची वाढ समजून निघालेलं कुटुंब साडेसोळा हजारांच्या वाढीत जाऊन पडलं. दुसऱ्या करारात भाडं पाच टक्क्यांनी वाढलं ते वेगळंच.

हा दोष बेंगळुरूचा नाही. त्या शहराने माझ्या मुलांना चांगली नोकरी दिली, चांगले शेजारी दिले. चूक झाली ती आमची. आम्ही पुण्याची फूटपट्टी घेऊन बेंगळुरू मोजायला निघालो.

फूटपट्टीचंच बोलायचं तर शब्दशः पाहा. आपण गुंठा म्हणतो, १,०८९ चौरस फुटांचा. कर्नाटकातही गुंठा आहे, पण बेंगळुरूत घराची जागा घ्यायला गेलात तर लोक 'साईट' म्हणतात आणि ती सांगतात तीस-चाळीस, चाळीस-साठ अशी, म्हणजे फुटांतली लांबी-रुंदी. हैदराबादेत गज, गोव्यात चौरस मीटर. फ्लॅटचं क्षेत्रफळ तर अधिक फसवं. २०१६ च्या रेरा कायद्याने चटई क्षेत्राची व्याख्या देशभर एक केली, तरी भाड्याच्या जाहिरातीत आणि बोलण्यात बेंगळुरूत सुपर बिल्ट-अपचाच आकडा येतो. जिना, लिफ्ट, गॅलऱ्या, क्लब हाउस, सगळ्याचा वाटा त्यात धरलेला. बाराशे फुटांचं घर ऐकून गेलेल्या माझ्या मुलीचं जुनं कपाट तिथल्या बेडरूममध्ये मावलं नाही.

आता गुरुजींच्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. एका राज्यात दोन-तीन महिन्यांचं डिपॉझिट आणि दुसऱ्यात दहा, हे आलं कुठून? बाजारातून आलं, हे अर्धंच उत्तर. बाजाराच्या मागे कायद्याचा इतिहास उभा असतो.

मुंबई प्रांतात १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने प्रमाण भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवलं. युद्ध, फाळणी, शहरांकडे लोटणारी माणसं या काळात तो कायदा गरिबाला छप्पर देणारा ठरला, हे विसरून चालणार नाही. पण तो गोठलेलाच राहिला. मालकाला भाडं वाढवता येईना, तेव्हा तो पागडी मागू लागला. दुरुस्ती परवडेना, तेव्हा चाळी गळू लागल्या. १९७३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला जागेत असलेल्या लायसन्सींना भाडेकरूचं संरक्षण मिळालं. मालकांच्या मनात जी भीती तेव्हा बसली ती आजही पुरती गेलेली नाही. माणूस एकदा आत आला की निघत नाही, असं आमच्या कचेरीत येणारे आजी-आजोबा मला सांगायचे. त्यातल्या कित्येकांचे फ्लॅट वर्षानुवर्षं कुलूपबंद असत. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेलं प्रमाण भाडं अवाजवी ठरवलं आणि मग १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. ३१ मार्च २००० पासून तो लागू आहे.

या कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमाबद्दल मला मनापासून आस्था आहे. भाड्याचा करार असो वा लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे करार नोंदवलेला नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जाईल, उलट सिद्ध करायचं ओझं मालकावर. इतकं भक्कम संरक्षण दोन हजारांच्या आतल्या खर्चात मिळतं. मुलीच्या कोथरूडच्या कराराला अकरा महिन्यांचं मुद्रांक शुल्क सहा-सातशे रुपये आणि नोंदणी फी एक हजार, इतकंच लागलं होतं. आता घरबसल्या आधार आणि अंगठ्यावर नोंदणी होते. तरीही माणसं नोटरीकडून शिक्का मारून आणतात आणि करार झाला असं समजतात.

सीमेपलीकडे ही चौकट नाही. कर्नाटकाचाही १९९९ चाच भाडे कायदा आहे, पण बेंगळुरूसारख्या शहरात महिना ₹३,५०० पेक्षा जास्त भाड्याच्या घराला तो लागूच होत नाही. आज त्या रकमेत तिथं काय मिळणार? म्हणजे तुमच्या-माझ्या मुलांचं जवळजवळ प्रत्येक घर त्या कायद्याबाहेरचं. त्यांना लागू होतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि करारात जे लिहिलं असेल ते. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून करार अकरा महिन्यांचा. स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्या की संपलं. मग मालकाची भीती कोण घालवणार? दहा महिन्यांचं डिपॉझिट. जिथं कायदा विश्वास देत नाही तिथं रोख रक्कम विश्वासाच्या जागी बसते, आणि ती रक्कम नेहमी ज्याला निवारा हवा असतो त्याच्या खिशातून येते.

बेंगळुरूत आणखी एक चाल आहे, तिला तिथं 'लीज' म्हणतात, कानडीत 'भोग्य'. पंधरा-वीस लाख एकरकमी द्यायचे, दोन-तीन वर्षं बिनभाड्याने राहायचं, जाताना रक्कम परत घ्यायची. आपल्या मुंबईतलं 'हेवी डिपॉझिट' म्हणजे हेच. बिनभाड्याचं घर म्हणून मराठी कुटुंबं याला भुलतात. या व्यासपीठावरून मी कळकळीने सांगते, की त्या घरावर मालकाने बँकेचं कर्ज काढलं आहे का हे पाहिल्याशिवाय एक रुपया देऊ नका. मालकाचे हप्ते थकले की बँक घराचा ताबा घ्यायला येते, आणि तुमचे वीस लाख मालकाच्या शब्दावर उरतात. कर्नाटकात 'ईसी' म्हणजे एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट मिळतं, जागेवरच्या नोंदलेल्या बोजांचा दाखला. तो आधी काढा. त्यात न दिसणारी कर्जंही असतात, म्हणून मालकाकडून लेखीही घ्या. आणि लीजचा दस्त नोंदवूनच घ्या.

२०२१ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतं बांधलेलं आहे. आनंदाची गोष्ट, पण नावातच 'आदर्श' आहे. विषय राज्यसूचीतला, म्हणून केंद्र फक्त नमुना देऊ शकतं. एखाद्या राज्याने तो स्वीकारला तरच त्याचा कायदा होतो. गुरुजी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. माती एक असली तरी तिच्यावर उभं राहण्याचे नियम प्रत्येक विधानसभेने आपापले लिहिले.

मुलीच्या दोन वर्षांत आणखी दोन गोष्टी घडल्या, त्या सांगते.

ऑगस्ट २०२३ पासून कर्नाटकात गृहज्योती योजनेची शून्य बिलं येऊ लागली. महिन्याला दोनशे युनिटच्या आतला वापर असेल तर घरगुती वीज मोफत. भाडेकरूंनाही मिळते. मीटरच्या आरआर नंबराशी आधार जोडून अर्ज करायचा. महाराष्ट्रातल्या वीजबिलाची सवय असलेल्या माझ्या मुलीला पहिलं शून्याचं बिल पाहून खरं वाटेना. पण मोफत युनिटची मर्यादा तुमच्या आधीच्या सरासरीवर बांधलेली आणि वापर दोनशेच्या वर गेला की पूर्ण बिल. घरून काम, उन्हाळ्यात पंखे-एसी, दोनदा ती रेषा ओलांडली गेली. तरी वर्षाच्या हिशेबात त्या राज्याने तिचे काही हजार वाचवले, हे मान्य केलं पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपाने चढवून आणावं लागतं. ते सगळ्या उपनगरांना पुरत नाही, म्हणून बोअर आणि टँकर. मार्च २०२४ मध्ये तिथल्या सरकारनेच जाहीर केलं, की शहरातल्या १३,९०० बोअरवेलपैकी ६,९०० आटल्या. त्या महिन्यात मुलीच्या मेंटेनन्समध्ये टँकरची वर्गणी आली. भांडी घासायला वेगळं पाणी, अंघोळीला दिवसाआड. आमच्या पुण्याच्या नव्या उपनगरांतही टँकरच्या रांगा लागतात, तेव्हा कुणी कुणाला हिणवू नये. पण घर बघायला जाल तेव्हा दिवाणखाना बघण्याआधी विचारा, इथं नदीचं पाणी येतं का, किती दिवस येतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये टँकरचे पैसे कोण भरतं?

एप्रिल २०२४ मध्ये त्यांनी ते घर सोडलं. रंगाचं कापलं, सफाईचं कापलं, आणि उरलेली रक्कम मालकांनी अडीच महिन्यांनी परत केली. त्या अडीच महिन्यांत पुढच्या घराचं डिपॉझिट पुन्हा उसनवारीवर उभं करावं लागलं. घर बदलण्याचा खरा त्रास हा आहे. जुन्या घराचे पैसे आलेले नसतात आणि नवं घर थांबत नाही. ज्याच्या पाठीशी आईबाप नाहीत, गहाण ठेवायला दागिना नाही, त्याने काय करायचं?

आता विकत घेण्याविषयी. इथं मात्र मला तीस वर्षांचा अनुभव आहे, म्हणून आकडे सांगते. ऐंशी लाखांचा तयार फ्लॅट धरा. पुण्यात मूळ पाच टक्के शुल्क, वर स्थानिक संस्थेचा एक आणि मेट्रोचा एक, असे सात टक्के, म्हणजे ₹५,६०,०००. नोंदणी फी एक टक्का पण कमाल ₹३०,०००. एकूण ₹५,९०,०००. बाईच्या एकटीच्या नावावर घेतला तर एक टक्क्याची सवलत, म्हणजे ऐंशी हजार वाचतात. बेंगळुरूत शुल्क पाच टक्के, ₹४,००,०००, त्या शुल्कावर दहा टक्के उपकर आणि दोन टक्के अधिभार, ₹४८,०००. नोंदणी फी पूर्वी एक टक्का होती, ३१ ऑगस्ट २०२५ पासून दोन टक्के झाली आणि तिला आपल्यासारखी तीस हजारांची मर्यादा नाही. ती झाली ₹१,६०,०००. एकूण ₹६,०८,०००. हैदराबादेत सगळं मिळून साडेसात टक्के, म्हणजे ₹६,००,०००. गुजरातेत शुल्क ४.९ टक्के आणि नोंदणी एक टक्का, म्हणजे ₹४,७२,०००, आणि बाईच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ, ₹३,९२,०००. तोच ऐंशी लाखांचा फ्लॅट, आणि सरकारी टेबलावरच्या पावतीत दोन लाख सोळा हजारांपर्यंतचा फरक! बँक या रकमेला सहसा कर्ज देत नाही. ती स्वतःच्या बचतीतूनच भरावी लागते.

जिच्यावर हे शुल्क आकारतात त्या सरकारी किमतीला नावही राज्यागणिक वेगळं. आपल्याकडे रेडी रेकनर, कर्नाटकात गाइडन्स व्हॅल्यू, गुजरातेत जंत्री. गुजरातने २०२३ मध्ये जंत्रीचे दर एकदम दुप्पट केले, कर्नाटकाने त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून गाइडन्स व्हॅल्यू वाढवली. तेव्हा शुल्काचा टक्का विचारून थांबू नका, तो टक्का कशावर लागतो तेही विचारा.

कागदांत सर्वांत जास्त फसगत बेंगळुरूच्या 'खात्या'त होते. खाता म्हणजे महापालिकेच्या कर आकारणीची नोंद. मालकीचा पुरावा नव्हे. 'ए खाता' म्हणजे नियमाने बसणारी मिळकत, 'बी खाता' म्हणजे काही तरी मंजुरी अपुरी असलेली. बी खात्याचं घर स्वस्त दिसतं, कारण मोठ्या बँका त्याला कर्ज द्यायला तयार नसतात आणि बांधकामाची परवानगी अडते. आपल्या माणसाला सातबारा, प्रॉपर्टी कार्ड आणि इंडेक्स टू एवढं वाचता येतं. खाता हा शब्द मराठीसारखाच वाटतो, म्हणून तो बेसावध राहतो. गुजरातेत उलट. तिथं सातबारा आणि आठ-अ आपल्यासारखेच, कारण १ मे १९६० पर्यंत आपण एकाच राज्यात होतो. डहाणूपर्यंत मुंबईची लोकल २०१३ पासून जाते, पुढे घोलवड हे आपलं शेवटचं स्टेशन आणि त्यापुढचं उंबरगाव रोड गुजरातेत. तिथं घर घेणाऱ्याला शुल्क कमी लागतं आणि कागद ओळखीचा वाटतो. मुंबईला रोज नोकरीसाठी येणाऱ्याला मात्र त्या स्वस्ताईची किंमत प्रवासात मोजावी लागते.

गोव्याविषयी सावकाश बोलायला हवं, कारण तिथं पाणी उलटं वाहतं. बाकी सीमांवर आपली माणसं पलीकडे राहायला जातात. सिंधुदुर्गाची पोरं पलीकडे कामाला जातात आणि राहतात मात्र अलीकडे. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीतून सकाळी मोटारसायकली निघतात त्या म्हापसा, डिचोली, पेडण्याकडे. कारखाने, हॉटेलं, आणि २०२३ च्या जानेवारीपासून चालू झालेला मोपाचा विमानतळ. पगार गोव्याचा, पण खोलीचं भाडं गोव्याचं परवडत नाही. किनाऱ्याच्या गावात पर्यटकाला रोजावर दिलेली खोली मालकाला एका आठवड्यात जे देते, ते महिनाभर राहणाऱ्या कामगाराकडून मिळत नाही. मग कामगाराला खोली कोण देणार? त्याच्या भाड्याची बचत सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यावरून रोज येण्या-जाण्याच्या पेट्रोलमध्ये जाते, आणि पावसाळ्यात घाटवळणांवर जीवही जातो. भाडं वाचवण्याची किंमत अपघातात मोजावी लागते, तेव्हा तो प्रश्न घरांचाच असतो. दोन्ही सरकारांनी तो वाहतुकीचा मानू नये.

गोव्यात घर विकत घेणाऱ्याने एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तिथं पोर्तुगीज काळातली नागरी संहिता कुटुंबाच्या मालमत्तेला अजून लागू आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामायिक असते. म्हणून विकणाऱ्या गृहस्थाच्या एकट्याच्या सहीवर भागत नाही, पत्नीची सही लागते. जुन्या घरात वारसदार अनेक, त्यातले काही मुंबईत, काही लिस्बनला, आणि प्रत्येकाच्या जोडीदाराचीही सही हवी. शिवाय घराच्या आवारात मुंडकार, म्हणजे मालकाच्या जागेत पूर्वीपासून घर करून राहणारा माणूस, राहत असेल तर त्याला १९७५ च्या कायद्याचं संरक्षण आहे. ते गरिबाचं छप्पर राखणारं संरक्षण आहे आणि ते मला योग्य वाटतं. पण मुंबई-पुण्याहून निवृत्तीचे पैसे घेऊन गेलेल्या माणसाला हे माहीत नसतं. तो अंगण बघतो, नारळ मोजतो आणि बयाणा देऊन मोकळा होतो.

सीमा ओलांडण्याची आणखी एक किंमत आहे, ती घरभाड्याच्या पावतीत दिसत नाही. महाराष्ट्रात अधिवास दाखल्याला पंधरा वर्षांचं वास्तव्य लागतं. गोव्यातही सरकारी नोकरीला पंधरा वर्षांचा दाखला मागतात. कर्नाटकात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्याच्या जागांसाठी साधारण सात वर्षं तिथं शिकलेलं असावं लागतं, आणि शाळेत कन्नड सक्तीचं आहे. मुलगा आठवीत असताना पलीकडे गेलेल्या कुटुंबाचं पोर पुष्कळदा ना इथलं राहतं, ना तिथलं होतं. स्वस्त घर मिळालं म्हणून गेलेल्या एका कुटुंबाला पुढे मुलाच्या प्रवेशासाठी खाजगी महाविद्यालयाचे पंधरा लाख भरावे लागले, हे मी जवळून पाहिलं. कन्नड शिकण्याबद्दल माझी तक्रार नाही. ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावची भाषा यावी. माझी नात आज माझ्याशी मराठी आणि शेजारच्या आजींशी कन्नड बोलते, आणि तिच्या तोंडून ती भाषा गोड वाटते. पण मुलाचं वय आणि सीमा ओलांडायचं वर्ष यांचा हिशेब घराच्या हिशेबाइतकाच आधी करायला हवा.

माझी मुलगी आज बेंगळुरूतच आहे. दुसऱ्या घराला तिने सहा महिन्यांच्या डिपॉझिटवर सौदा केला. रंगाची रक्कम करारात आकड्याने लिहून घेतली, घर सोडल्यावर किती दिवसांत पैसे परत द्यायचे ते लिहून घेतलं, टँकरची वर्गणी कुणाची तेही लिहून घेतलं. पहिल्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मी नोंदणी खात्यातली असूनही सांगितलं नव्हतं, कारण मला माझ्याच राज्याचा कायदा येत होता.

या सभागृहात भाडेकरूंपेक्षा घरमालक जास्त आहेत, हे मला दिसतं आहे. कोल्हापुरात, इचलकरंजीत, पुण्यात तुमचे फ्लॅट आहेत. त्यात बेळगावची, विजापूरची, बिहारची, ओडिशाची मुलं राहतात. त्यांच्या आया आज माझ्यासारख्याच फोनपाशी बसलेल्या असतील. म्हणून माझी मागणी आधी तुमच्याकडे आहे आणि मग सरकारकडे. महाराष्ट्राने राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांवर बांधणारा कायदा करावा आणि ते परत करण्याची मुदत त्यात दिवसांत लिहावी, यासाठी आपण सगळ्यांनी आपल्या आमदारांना पत्र लिहू या. मजकूर मी तयार करून आणला आहे, दाराशी ठेवला आहे. पण तो कायदा होईपर्यंत थांबायची गरज नाही. उद्या तुमच्याकडे परराज्यातलं पोर घर विचारायला आलं, तर करार नोंदवून द्या, आणि ज्या दिवशी ते किल्ली परत करील त्याच दिवशी त्याचं डिपॉझिट त्याच्या हातात द्या.